वारा सुटायच्या आत

नेपाळमधल्या मुस्तांगला सायकल घेऊन जायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा नकाशा उघडतो. पोखरा, जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ अशी गावं बोटानं जोडतो, मधली अंतरं मोजतो आणि ‘रोजचे तीस किलोमीटर म्हणजे काय, सिंहगड करून नाश्त्याला घरी येतो आपण’ असं म्हणत चार दिवसांत सगळं बसवून टाकतो. तिथंच घोडं पेंड खातं. काली गंडकीच्या खोऱ्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. तिथं सायकलस्वाराचा दिवस अकरा वाजता संपतो. सकाळच्या अकरा.

कारण वारा. एका बाजूला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. आणि मधून नदी गेलेली. ऊन चढलं की वरचा तिबेटकडचा उघडा, कोरडा मुलूख तापतो, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा या एकाच फटीतून वर धावते. घराचं मागचं दार उघडलं की पुढचं धाडकन आपटतं ना, तसंच, फक्त दार आठ हजार मीटर उंचीचं. दहा-अकराच्या सुमाराला झुळूक येते, बारापर्यंत तिचा सोसाटा होतो आणि नदीच्या पात्रातली वाळू उडून तोंडावर बसायला लागते. संध्याकाळी उशिरा तो पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोखऱ्याहून जोमसोमला येणारी छोटी विमानं सकाळीच येऊन जातात ती याचमुळे.

नियोजनाला उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे या वाऱ्याची दिशा ठरलेली आहे: दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे खालून वर. जोमसोमहून कागबेनीला जाताना तो पाठीशी असतो. दुपारी निघालात तरी ढकलत नेतो. उलट कागबेनीहून जोमसोमला, किंवा जोमसोमहून मार्फा, टुकुचेकडे उतरताना तोच छातीवर येतो आणि उतारावरही पेडल मारायला लावतो. म्हणून दौरा आखताना उलटं मोजावं. आधी ठरवायचं की खाली यायचा प्रवास साडेदहाला संपलेला असणार. मग त्यातून सायकलीवरचे तास वजा करायचे, न्याहारीचा अर्धा तास वजा करायचा, आणि जो आकडा उरेल तो गजराचा. तो बहुतेकदा साडेचार-पाचच्या मध्ये येतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे, तेवढं लक्षात ठेवायचं. जीपवाला त्याच्या घड्याळानं निघतो.

महिना कोणता? पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च ते मे. जोमसोमच्या वरचा भाग पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे ‘तिथं पाऊस नाही, मग जुलैत का नको’ असा प्रश्न हुशार माणसाला पडतोच. उत्तर पोखरा ते जोमसोम या रस्त्यावर आहे. घासा, तातोपानीच्या पट्ट्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वर कोरडं असलं तरी तिथवर पोचताच येत नाही.

आपली मंडळी साहजिकच दिवाळीची सुट्टी धरतात. इथं एक अडचण आहे. नेपाळचा दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, घटस्थापनेला सुरू होऊन कोजागिरीला संपतो, आणि तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, भाऊबीजेपर्यंत चालतो. म्हणजे आपल्याला सुट्टी तेव्हाच त्यांनाही. दशैंत सगळा देश गावी निघालेला असतो. जीपमध्ये जागा नाही, विमानाची तिकिटं नाहीत आणि सायकलीच्या दुकानाला कुलूप. भाऊबीज उलटू द्यावी आणि मग निघावं, हे उत्तम. तुळशीच्या लग्नाचे ते दिवस. हवा स्वच्छ, आकाश निळंशार, रात्री मुक्तिनाथच्या पायथ्याच्या राणीपौवाला पारा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली. ऑक्टोबरमध्ये आणखी एका गोष्टीवर नजर ठेवायची, ती म्हणजे बंगालचा उपसागर. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग मुक्तिनाथच्या वरच्या थोरोंग ला खिंडीवर बर्फ होऊन कोसळले आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याला वादळ येतंय अशी बातमी आली, तर दोन दिवस खालीच थांबायचं. त्यात शौर्याचा प्रश्न नाही.

उंचीचा हिशेब आपल्याकडच्या उंचीवर लावून पाहिला की पटतो. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. जोमसोम साधारण २,७४० मीटरवर. म्हणजे पहिल्याच रात्री आपण कळसूबाईच्या माथ्याहून अकराशे मीटर वर झोपणार. राणीपौवा ३,७०० वर. तीन हजारांच्या वर एका रात्रीत झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा ढोबळ नियम; आणि कागबेनीहून थेट राणीपौवाला मुक्काम टाकला की तो मोडतो, कारण फरक नऊशे मीटरचा आहे. सायकलवाले इथं हमखास चुकतात. चालणाऱ्याला उंची हळूहळू मिळते, जीपला किंवा तयारीच्या पायांना ती एका सकाळीत मिळते. मधे खिंगरला एक रात्र काढावी. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोप खाली हवी. डोकेदुखीबरोबर मळमळ आणि तोल जाणं सुरू झालं तर गोळी घेऊन वर रेटायचं नाही, खाली उतरायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारावं, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीयांना व्हिसा नाही. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, आधार कार्ड १५ ते ६५ वयाच्या माणसांना चालत नाही. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना काठमांडू किंवा पोखऱ्याला काढून घ्यायचा. सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांना मिळतो, म्हणजे आपले ६२५. कागबेनीच्या पुढं उत्तरेला वरचं मुस्तांग सुरू होतं, त्याला वेगळा आणि भलताच महाग परवाना लागतो. पहिल्या खेपेला त्या वाटेला जायची गरज नाही. विमा मात्र नीट वाचून काढायचा. तीन गोष्टी शोधायच्या: माउंटन बायकिंग वगळलंय का, किती मीटरपर्यंतच्या उंचीला संरक्षण आहे, आणि हेलिकॉप्टरनं उतरवण्याचा खर्च धरलाय का. ‘साहसी खेळ वगळून’ ही ओळ बारीक अक्षरात असतेच. महागडी सायकल नेत असाल तर जाताना भारतीय कस्टमकडून फ्रेमच्या नंबरासह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना ‘ही तिकडं घेतली का’ या प्रश्नाला उत्तर खिशात असतं.

स्वतःची सायकल न्यायची की तिथं भाड्यानं घ्यायची, यावर लोक तासन्तास भांडतात. माझं मत सरळ आहे: दहा दिवसांपेक्षा कमी दौरा आणि तुमची उंची साधारण असेल तर भाड्यानं घ्या. काठमांडू आणि पोखऱ्याला पुढं-मागं सस्पेन्शन असलेल्या चांगल्या सायकली मिळतात. सोबत फक्त स्वतःचं हेल्मेट, पेडल, गुडघ्याचे पॅड आणि नवे ब्रेक पॅड न्यायचे. त्यासाठी कोणता ब्रेक आहे ते आधी विचारून ठेवायचं. सायकल हातात आल्यावर पहिली तपासणी गिअरची नाही, ब्रेकच्या दांड्यांची. पुढचा ब्रेक उजवीकडं आहे की डावीकडं? दोन्ही पद्धती चालतात आणि हाताला एकाच बाजूची सवय असते. सैल खडीच्या वळणावर घाईत चुकीची दांडी दाबली गेली की पुढचं चाक घसरतं, आणि मग कारण शोधत बसायला वेळ नसतो. दुकानदाराला सांगून दोन्ही दांड्यांच्या नळ्यांची अदलाबदल करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. बॅटरीवाली सायकल विमानानं न्यायचा विचार तर सोडूनच द्या. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चढू देत नाहीत, आणि ई-बाइकची बॅटरी बहुतेकदा त्याच्या कितीतरी पुढं असते.

ज्यांना स्वतःचीच न्यायची आहे त्यांनी खोका भरण्याची रंगीत तालीम घरी आठ दिवस आधी करावी. सायकलीच्या दुकानात नव्या सायकलीचे पुठ्ठ्याचे खोके पडलेले असतात, मागितले तर देतात. क्रम असा: आधी मागचा गिअर सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर आणायचा, म्हणजे डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आत वळतो. मग तो पाच मिलिमीटरच्या ॲलन कीनं हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्यावरून, सोडवायचा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. पेडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं हे ठाऊक असूनही माणूस ते आवळतोच. लक्षात ठेवायची युक्ती म्हणजे पान्याचं टोक वर धरून दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडं दाबायचं, पेडल सुटतं. हँडल स्टेमपासून, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या तुकड्यापासून, मोकळं करून वरच्या नळीला समांतर टांगायचं, पण ब्रेकची नळी कुठं दुमडत नाही ना ते पाहायचं. रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवायचे. चाकात असतानाच ते वाकतात, आणि वाकलेला रोटर दर फेरीला ‘झिंग झिंग’ करत डोकं उठवतो.

चाक काढल्या काढल्या ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा. तो विसरलात आणि प्रवासात कुणाचा हात दांडीला लागला, की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि पोखऱ्याच्या हॉटेलच्या खोलीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायची पाळी येते. तसंच पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांच्या मधे आडवी दांडी हवी. मूळ ॲक्सलच लावून ठेवला तरी चालतो. खोक्यावर दुसऱ्याचं सामान पडणारच, तेव्हा हीच जागा पहिल्यांदा दबते. टायरमधली हवा काढायला काउंटरवरचा माणूस सांगतो. सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो, पण ते शास्त्र त्याला समजावत बसू नये. ट्यूबलेस असेल तर थोडी हवा राहू द्यावी. पूर्ण काढली की टायर रिमवरून सुटतो आणि हातपंपानं परत बसत नाही. गॅसची छोटी नळकांडी नेऊ नका, हातपंप न्या. पॉवर बँक नेहमीप्रमाणे हातातल्या पिशवीत.

वजन करायला घरचा काटा पुरतो: आपण एकदा खोका उचलून उभं राहायचं, एकदा नुसतं, वजाबाकी करायची. पंधरा किलोची सायकल खोक्यासकट वीस-एकवीसला जाते. हेल्मेट आणि बूट त्याच खोक्यात कोंबायचा मोह होतो; काउंटरवर तोच मोह पैशांत मोजून द्यावा लागतो.

पोखऱ्याहून वर जायला विमान आकर्षक वाटतं, वीस मिनिटांचं आहे, पण ढग किंवा वारा असेल तर उडत नाही, आणि उडालं तरी खोक्याला त्यात जागा असेलच असं नाही. सायकल असेल तर जीप. पूर्ण दिवस जातो, हाडं खिळखिळी होतात, पण माणूस आणि सायकल एकाच वेळी पोचतात. टपावर सायकल बांधताना आपण स्वतः वर चढावं. मदतनीस मुलगा दोरी चाकाच्या आऱ्यांतून, नाहीतर रोटरमधून ओवतो आणि पाय लावून आवळतो. दोरी फ्रेमवरूनच गेली पाहिजे, डिरेलरची बाजू वर पाहिजे आणि दोन सायकलींच्या मधे गोणपाट पाहिजे. दोरीऐवजी जुन्या ट्यूब सगळ्यात चांगल्या. ओरखडे पाडत नाहीत आणि खड्ड्यात ताणून परत येतात. घरून चार ट्यूब घेऊन जा. परतीला मात्र जोमसोम सोडणं आणि मुंबईचं विमान यांच्यात दोन मोकळे दिवस ठेवाच. एखादी दरड, एखादा बंद रस्ता गृहीतच धरायचा.

आता ब्रेक, कारण मुस्तांग हा ब्रेकचा मुलूख आहे. राणीपौवा ३,७०० मीटर आणि तातोपानी १,१९०: अडीच हजार मीटरचा उतार. सह्याद्रीतला कुठलाही घाट सात-आठशे मीटरमध्ये आटोपतो, त्यामुळे पुण्यात वर्षभर टिकणारे पॅड इथं आठवड्यात संपले तर नवल नाही. रेझिनचे पॅड गप्प असतात, पण सतत दाबून धरले की तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो, आणि मग दांडी कितीही दाबा, सायकल आपल्या मनानं चालते. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, धुळीत किंचाळतात, पण टिकतात. इथं तेच हवेत, फक्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं नाही ना ते आधी पाहून घ्या. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून वीसेकदा घट्ट दाबून सायकल जवळजवळ थांबवायची, पूर्ण नाही. त्याशिवाय ते धरत नाहीत. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नये. सोडायचा, वेग येऊ द्यायचा, वळणाआधी दोन्ही जोरात, पुन्हा सोडायचा. तेवढ्या सुट्या क्षणांत रोटर निवतो. विमानप्रवासानंतर दांडी स्पंजासारखी लागली तर घाबरून तेल बदलायला जाऊ नका. खोका आडवातिडवा पडल्यानं आतला हवेचा बुडबुडा खाली गेलेला असतो. सायकल सरळ उभी करून दांडी रबर लावून दाबलेली ठेवा, रात्रभरात बहुतेकदा तो वर चढतो. नाहीच चढला तर ब्लीड करावं, म्हणजे तेल भरून आतली हवा काढावी लागेल, आणि तेव्हा आपल्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं की डॉट जातीचं ब्रेक ऑइल, हे पाठ असलं पाहिजे. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो.

सुट्या भागांमध्ये सगळ्यात आधी पिशवीत जायला हवा तो डिरेलर हँगर. बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, पडल्यावर स्वतः वाकून महागडा डिरेलर वाचवण्यासाठीच बनवलेला. आणि जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा. जोमसोमला सफरचंदाची ब्रँडी मिळेल, तुमच्या फ्रेमचा हँगर मिळणार नाही. दोन घ्या. बरोबर तितक्याच गिअरची साखळीची कडी, दोन ट्यूब, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटं तुकडा, सिलंटची (ट्यूबलेस टायरमधलं छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली, शॉक पंप आणि भरपूर झिप टाय. पुण्यात टायरमध्ये मोजून भरलेली हवा राणीपौवाला चारेक पीएसआयनं जास्त दाखवते, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. पहाटेची थंडी त्यातलं बरंच परत खाऊन टाकते. म्हणून पुण्याचा आकडा धरून बसू नये, तिथं सकाळी निघताना मोजावं.

सरावासाठी सिंहगडाचा घाट चांगला, पण तो फुप्फुसांचा सराव झाला. आपला कातळ पक्का. बेसॉल्टवर टायर धरतो. मुस्तांगची वाट म्हणजे पापुद्र्यांसारख्या काळ्या शेल दगडाचा चुरा, त्यावर टायर धरत नाही, वाहतो. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे एप्रिल-मे महिन्यातल्या डोंगरसोंडा, बारीक मुरमाच्या, जिथं चालतानाही पाय सरकतो. तिथं सीट पूर्ण खाली घेऊन, वजन दोन्ही पायांवर ठेवून, मागचं चाक थोडं वाहू द्यायची सवय करावी. तीन तास चढण्यापेक्षा वीस मिनिटं सलग उभं राहून उतरणं अवघड जातं. पोटऱ्या नाही, बोटं आणि मनगटं आधी बोलतात.

हे सगळं ज्या एका सकाळीसाठी करायचं ती लुप्राची. राणीपौवाहून सहाच्या आत निघायचं. पहिला तास दक्षिणेच्या धारेवर चढ, थंडीनं बोटं बधिर, त्यामुळे जाड हातमोजे वर आणि उतरणीचे पातळ खिशात. धारेवर पोचलं की पाठीशी थोरोंगची बाजू, समोर निळसर अंधारात धौलागिरीचा माथा उन्हात आलेला. इथं थांबून सीट खाली करायची, फोर्कचं लॉक, म्हणजे सस्पेन्शन बंद ठेवणारी कळ, उघडलंय का पाहायचं. लॉक तसंच ठेवून उतरायला लागणारा दर गटात एकजण असतो. मग वाट अरुंद होते आणि वळशावळशांनी उतरायला लागते, इतकी सैल की काही कोपरे पाय टेकून, सायकल उचलून वळवलेलेच बरे. खेचरांचा तांडा आला तर थांबायचं ते डोंगराच्या अंगाला, दरीच्या अंगाला कधीच नाही. खोगिराचं ओझं सहज धक्का देऊन जातं. मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, चालत्या दिशेनं उजव्या हाताला ठेवून जायचं. लुप्रा हे बोन या तिबेटच्या जुन्या धर्माचं छोटं गाव, मातीच्या सपाट गच्च्या आणि त्यावर रचलेलं सरपण. मात्र मणी-भिंतींचा नियम बोन लोकांत उलटा आहे. गावातली माणसं जिकडून जातात तिकडून जावं. तिथं चहा घ्यायचा, पण पंधरा मिनिटांत. पुढं ओढ्याचं पात्र आहे, गोट्यांतून थोडं चालवत, थोडं ढकलत. ते गंडकीला मिळालं की जोमसोमचा शेवटचा टप्पा दक्षिणेकडं, वाऱ्याच्या तोंडावर.

या पात्रात वाकून पाहणारी माणसं दिसतात. काळे गोल दगड उचलतात, दुसऱ्या दगडावर टिचवतात, आत चक्राची नक्षी निघते का बघतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यातल्या शिंपल्याच्या प्राण्याचा तो ठसा. आपल्या देवघरात तुळशीच्या लग्नाला नवरदेव म्हणून बसतो तो शाळिग्राम याच नदीतून आलेला. आणि सायकल ज्या काळ्या चुऱ्यावर तासभर घसरत होती, तो हाच दगड, फुटलेला. मुक्तिनाथला निघालेल्या जीपमधून नऊवारीतल्या आजी खिडकीला नाक लावून हेल्मेटवाल्यांकडं बघत जातात.

जोमसोमला पोचल्यावर आधी साखळी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची, तेल रात्री. आत्ता लावलं तर वाळूचा लेप बसतो. सायकल अंगणात न ठेवता आतल्या बोळात घ्यायची, भिंतीला टेकवून. पावणेअकराला खिडकीची तावदानं एकदा हलकीच वाजतात.